मधल्या पदाची फोड आणि मध्यमाहरण

बीजगणिताच्या प्रारंभिक अभ्यासक्रमात विद्यार्थ्याला पहिला खरा अडसर वाटतो तो वर्गत्रिपदीच्या अवयवांचा. तोपर्यंतचे बीजगणित हे बहुतांशी आज्ञापालनाचे असते. कंस सोडवा, सरूप पदे एकत्र करा, अक्षराच्या जागी किंमत घाला : यातील प्रत्येक आज्ञेला ठरलेली कृती आहे आणि ती बिनचूक केली की उत्तर हाती येते. अवयवांच्या प्रकरणात मात्र आज्ञेचे स्वरूप एकाएकी पालटते. ज्यांची बेरीज ५ आणि गुणाकार ६ येईल अशा दोन संख्या 'शोधा', असे विद्यार्थ्यास सांगितले जाते. त्या कोठे आणि कशा शोधावयाच्या हे सांगितले जात नाही. वर्गात उत्तर देणारा मुलगा 'मला सुचले' असे म्हणतो. मराठीच्या व्याकरणात सुचणाऱ्याला प्रथमा विभक्ती मिळत नाही. सुचणे ही त्याने केलेली क्रिया नसून त्याच्या ठायी घडलेली गोष्ट असते. ज्याला सुचत नाही त्याने काय करावे, याचे उत्तर या वाक्यरचनेत नाही आणि बहुधा पाठ्यपुस्तकातही नसते. आपणास गणिताची बुद्धी नाही, असा समज अनेकांच्या मनात येथेच रुजतो. तो समज किती निराधार आहे, हे या प्रकरणातील परिभाषा आणि तिच्यामागील युक्ती यांची एकत्र छाननी केली असता दिसून येते.

प्रथम 'अवयव' हा शब्द घ्यावा. मराठी विद्यार्थ्याला तो गणिताच्या आधीच परिचित असतो. हात, पाय, डोळे हे शरीराचे अवयव. ते परस्परांस जोडलेले असतात आणि त्यांच्या एकत्र असण्याने शरीर होते. हा अर्थ मनात धरून क्ष² + ५क्ष + ६ या राशीकडे पाहिले, तर तिचे अवयव क्ष², ५क्ष आणि ६ हेच होत असे वाटणे अगदी स्वाभाविक आहे. पण बीजगणितात यांना 'पदे' म्हणावयाचे. ज्यांचा गुणाकार केला असता राशी मिळते ते तिचे अवयव. हिंदीतील 'गुणनखंड' या संज्ञेत गुणाकाराचा उल्लेख उघडपणे आलेला आहे. मराठी संज्ञेत त्याचा मागमूस नाही. अंकगणितात मराठीने 'विभाजक' हा नेमका शब्द योजलेला आहे आणि त्यापासून 'मसावि' हे अक्षरसंक्षेपाचे रूप इतके रुळले आहे की त्याचे मूळ घटक कोणते हे पुष्कळांना आठवतही नाही. बीजगणितात मात्र अवयवच टिकून राहिला. न्यायशास्त्राच्या अभ्यासकाला हा शब्द खटकणार नाही, हेही खरे. अवयवी हा अवयवांचा नुसता समुदाय नसून त्यांहून वेगळी अशी वस्तू आहे, तंतूंची रास म्हणजे वस्त्र नव्हे, असे नैयायिक मानतात. राशी ही आपल्या अवयवांची बेरीज नव्हे, एवढे तरी या मतातून सुचते. पण आठवीतील मुलाजवळ हा आधार नसतो.

'पाडणे' हे क्रियापदही तितकेच दिशाभूल करणारे आहे. आंब्याच्या फोडी पाडतात, लाकडाचे तुकडे पाडतात, जमिनीचे भाग पाडतात. या सर्व ठिकाणी किती आणि कोठे पाडावयाचे हे पाडणाऱ्याच्या मर्जीवर असते. वर्गत्रिपदीचे अवयव कोणाच्या मर्जीने पडत नाहीत. ते असतील तर ठरलेलेच असतात. एखादा अंक एका कंसातून दुसऱ्या कंसात नेण्यापलीकडे त्यांत फरक करता येत नाही. तेव्हा येथील क्रिया पाडण्याची नसून ओळखण्याची आहे, आणि या अर्थाने ती वैयाकरणाच्या कामाशी अधिक मिळतीजुळती आहे.

हे साम्य वरवरचे नाही. क्ष + २ आणि क्ष + ३ यांचा गुणाकार पाहावा.

(क्ष + २)(क्ष + ३) = क्ष² + ३क्ष + २क्ष + ६ = क्ष² + ५क्ष + ६

पहिल्या समानचिन्हापुढे चार पदे आहेत, दुसऱ्यापुढे तीन. मधली दोन पदे सरूप होती म्हणून ती मिळून एक झाली. 'सरूप' हा शब्द पाणिनीच्या एकशेषप्रकरणातही येतो : समान रूपाचे शब्द एकत्र आले असता त्यांपैकी एकच शिल्लक राहतो आणि ते किती होते हे प्रत्ययाने कळते. बीजगणितात क्ष एकच उरतो आणि कितीपणाची खूण त्याच्या सहगुणकावर राहते. फरक एवढाच की, ५ या सहगुणकात ३ आणि २ हे वेगवेगळे दिसेनासे होतात. पहिल्या पदात काही मिसळलेले नाही, शेवटच्या पदात बेरीज झालेली नाही. जी सरमिसळ झाली ती फक्त मध्यभागी. गुणाकार करणाऱ्याला ही सरमिसळ सोय वाटते. अवयव शोधणाऱ्याला मात्र नेमकी तीच उलगडावी लागते.

संधीच्या विग्रहाची स्थिती हीच आहे. 'गणेश' आणि 'रमेश' या दोन शब्दांत मध्यभागी ए हा एकच स्वर ऐकू येतो. परंतु पहिल्यात तो अ आणि ई यांपासून झाला, दुसऱ्यात आ आणि ई यांपासून. 'नरेंद्र' आणि 'महेंद्र' यांतील ए आणखी निराळ्या जोड्यांतून आलेला आहे. ए या स्वराकडे कितीही निरखून पाहिले तरी तो कशाचा झाला हे सांगता येत नाही. त्यासाठी दोन्ही टोकांकडे पाहावे लागते. तद्वत ५क्ष या पदात काय मिसळले आहे हे ५ सांगत नाही.

क्ष² + ५क्ष + ४ = (क्ष + १)(क्ष + ४)
क्ष² + ५क्ष + ६ = (क्ष + २)(क्ष + ३)
क्ष² + ५क्ष − ६ = (क्ष + ६)(क्ष − १)
क्ष² + ५क्ष − १४ = (क्ष + ७)(क्ष − २)

मधले पद चारही ठिकाणी एकच आणि फोड चार प्रकारची. निर्णय शेवटचे पद देते. येथपर्यंत संधी आणि त्रिपदी बरोबर चालतात. पुढे त्यांच्या वाटा फुटतात. 'रमेश'चा विग्रह करण्यासाठी भाषेत 'रमा' असा शब्द आहे हे बाहेरून माहीत असावे लागते. त्रिपदीला कोशाची गरज नाही. तिचा विग्रह करण्यास लागणारी सर्व माहिती तिच्याच तीन सहगुणकांत भरलेली असते, आणि म्हणून 'सुचण्या'वर अवलंबून राहण्याचे वास्तविक काही कारण नाही.

क्ष² च्या पूर्वी १ हून निराळा अंक असला की विद्यार्थी अधिक गोंधळतो. ६क्ष² + ११क्ष − १० ही राशी घेऊ. अशा वेळी पहिल्या आणि शेवटच्या सहगुणकांचा गुणाकार करावा, तो येथे −६० आहे, आणि मधल्या ११ ची अशी फोड करावी की तिच्या दोन भागांचा गुणाकार −६० होईल, असा नियम सांगितला जातो. ते भाग १५ आणि −४ हे होत.

६क्ष² + १५क्ष − ४क्ष − १०
= ३क्ष(२क्ष + ५) − २(२क्ष + ५)
= (२क्ष + ५)(३क्ष − २)

या रीतीत दोन गोष्टी जादूसारख्या वाटतात. पहिल्या आणि शेवटच्या अंकांचा गुणाकार कशासाठी करावयाचा, ही एक. आणि दुसऱ्या ओळीतील दोन्ही कंस नेमके सारखे कसे निघाले, ही दुसरी. बहुतेक विद्यार्थी दोन्ही गोष्टी तशाच पत्करतात. उपपत्ती मात्र फार दूर नाही. अवयव (प·क्ष + त) आणि (र·क्ष + स) असे धरले, तर गुणाकारात क्ष² चा सहगुणक प·र, शेवटचे पद त·स आणि मधल्या पदात मिसळलेले दोन भाग प·स आणि त·र असे येतात. आता या दोन भागांचा परस्परांशी गुणाकार करावा. त्यात प, स, त, र ही चार अक्षरे येतात. आणि टोकांच्या गुणाकारातही तीच चार. जोड्या बदलल्या, अक्षरे बदलली नाहीत. टोकांचा गुणाकार हा मधल्या दोन भागांचा गुणाकार असतो तो एवढ्याच कारणाने. बेरजेने पुसून टाकलेली माहिती टोकांनी जपून ठेवलेली असते, असे म्हणावयास हरकत नाही.

(येथे गुणाकाराचा बिंदू मुद्दाम घातला आहे. देवनागरीत अक्षरे जवळजवळ लिहिली की शब्द तयार होतात : प आणि क्ष यांचा 'पक्ष', ल आणि क्ष यांचा 'लक्ष', त आणि र यांचा 'तर'. रोमन लिपीत स्वर कमी वेळा मध्ये येत असल्यामुळे ही अडचण क्वचितच उद्भवते. मराठी पाठ्यपुस्तकांतून अज्ञातासाठी पूर्वी वापरला जाणारा क्ष मागे पडून आता रोमन अक्षरे आली आहेत. तो क्ष 'क्ष-किरण' या शब्दात मात्र अद्याप टिकून आहे.)

कंस सारखे येणे हाही योगायोग नव्हे. त्रिपदी अ·क्ष² + ब·क्ष + क अशी आणि मधल्या सहगुणकाचे भाग म व न असे मानले, तर म आणि न यांचा गुणाकार अ आणि क यांच्या गुणाकाराइतका असतो. याचाच अर्थ, अ चे म शी जे गुणोत्तर तेच न चे क शी. पहिल्या दोन पदांतील अंक ज्या प्रमाणात आहेत त्याच प्रमाणात शेवटच्या दोन पदांतील आहेत. मग सामाईक विभाजक बाहेर काढल्यावर आत उरणारा कंस दोन्हीकडे एकच असल्यावाचून राहणार कसा? वरील उदाहरणात ६ : १५ आणि −४ : −१० ही दोन्ही गुणोत्तरे २ : ५ आहेत, आणि कंस २क्ष + ५ हा आहे. यावरून आणखी एक गोष्ट हाती लागते. अटी पाळणारे म आणि न हे पूर्णांक एकदा सापडले की अवयव पूर्णांकी सहगुणकांचे मिळणारच. मध्येच अडण्याचा संभव नाही. तसेच म आणि न यांची अदलाबदल केली तरी उत्तर तेच येते. ६क्ष² − ४क्ष + १५क्ष − १० असे लिहून पाहिले तर २क्ष(३क्ष − २) + ५(३क्ष − २) असे मिळते. विद्यार्थी या क्रमाविषयी नेहमी विचारतो आणि त्याला 'कोणताही चालेल' एवढेच सांगितले जाते.

याप्रमाणे सर्व प्रश्न एका प्रश्नावर येऊन ठेपतो : बेरीज आणि गुणाकार दिले असता दोन संख्या कशा काढाव्या? त्याकडे वळण्यापूर्वी पाठ्यपुस्तकातील आज्ञेचा एक विशेष ध्यानात घ्यावयास हवा. 'पुढील राशींचे अवयव पाडा' या वाक्यात अवयव आहेत असे गृहीत धरलेले आहे. 'दार लाव' असे म्हणताना दार आहे आणि ते उघडे आहे हे जसे बोलणाऱ्याने न सांगता सांगितलेले असते, तसेच हे. उदाहरणसंग्रह रचणारा अवयवांचा गुणाकार करूनच राशी बनवितो, त्यामुळे गृहीत कधी खोटे ठरत नाही आणि 'अवयव पडतात का?' हा प्रश्न विद्यार्थ्यापुढे कधी उभाच राहत नाही. वस्तुस्थिती निराळी आहे. क्ष² + ५क्ष यापुढे १ पासून ६ पर्यंतचे अंक क्रमाने मिळवून पाहिले, तर केवळ ४ आणि ६ मिळविले असता पूर्णांकी अवयव मिळतात. बाकीच्या चार वेळा मिळत नाहीत. क्ष² + ५क्ष + ५ ही राशी एखाद्या विद्यार्थ्याला दिली, तर तो जोड्या शोधत बसेल, आणि त्या सापडत नाहीत याचा दोष राशीकडे नसून आपल्याकडे आहे असेच त्याला वाटेल. अर्थात 'अवयव नाहीत' हे विधानही सापेक्ष आहे. ५ चे वर्गमूळ वापरण्याची मुभा दिली की याच राशीचे अवयव मिळतात. कोणत्या संख्या चालतील हे आज्ञेत सांगितलेले नसते, तेही गृहीतच.

आता मूळ प्रश्न. समजा, बेरीज ६४ आणि गुणाकार ७६८ आहे. ७६८ च्या विभाजकांच्या जोड्या लिहू लागले, तर १ व ७६८ पासून २४ व ३२ पर्यंत नऊ जोड्या होतात. त्या एकामागून एक तपासणे हा एक मार्ग आहे आणि शाळेत तोच चालतो. दुसरा मार्ग असा. दोन संख्यांची बेरीज ६४ असेल तर त्यांची सरासरी ३२. म्हणजे एक संख्या ३२ हून जितकी लहान, दुसरी ३२ हून तितकीच मोठी. हे अंतर ग मानले, तर संख्या ३२ − ग आणि ३२ + ग या होत आणि त्यांचा गुणाकार १०२४ − ग². तो ७६८ आहे; म्हणून ग² = २५६, ग = १६. संख्या १६ आणि ४८. येथे काहीही सुचावे लागले नाही. बेरजेचे अर्ध, त्याचा वर्ग, वजाबाकी आणि वर्गमूळ एवढ्या ठराविक क्रियांनी काम झाले. वर्गमूळ परिमेय निघाले नाही, तर पूर्णांकी अवयव नाहीत हेही तत्क्षणी कळते. क्ष² + ५क्ष + ५ मध्ये अर्ध २½, त्याचा वर्ग ६¼, त्यातून ५ गेले, उरले १¼. याचे वर्गमूळ परिमेय नाही, तेव्हा शोध तेथेच संपला.

ही युक्ती नवीन नाही. इसवी सनापूर्वीच्या दुसऱ्या सहस्रकाच्या आरंभीच्या बाबिलोनी मृत्पट्टिकांवर बेरीज आणि गुणाकार देऊन दोन संख्या काढण्याची उदाहरणे अर्ध्या बेरजेच्या याच रीतीने सोडविलेली आढळतात. अमेरिकेतील कार्नेगी मेलन विद्यापीठाचे गणितज्ञ पो-शेन लो यांनी २०१९ मध्ये शालेय अध्यापनासाठी तिचा हिरिरीने पुरस्कार केला, तेव्हा ती पुष्कळांना अपूर्व वाटली. तिचे घटक प्राचीन असल्याचे त्यांनी स्वतःच नमूद केले होते. मराठी वाचकाला तिची ओळख पटण्यास मात्र बाबिलोनपर्यंत जाण्याचे प्रयोजन नाही.

वर दिलेल्या ६४ आणि ७६८ या संख्या भास्कराचार्यांच्या बीजगणितातील एका उदाहरणातून घेतलेल्या आहेत. सिद्धांतशिरोमणी हा ग्रंथ शके १०७२ मध्ये, म्हणजे इ. स. ११५० च्या सुमारास रचला गेला. बीजगणित हा त्याचाच भाग. भास्कराचार्यांचे वास्तव्य सह्याद्रीच्या परिसरात होते असे ते स्वतः सांगतात, आणि चाळीसगावजवळच्या पाटण येथील त्यांच्या वंशजांचा शिलालेख डॉ. भाऊ दाजी लाड यांनी १८६५ मध्ये प्रकाशात आणला. शके ११२८ चा उल्लेख असलेल्या या संस्कृत लेखाच्या अखेरचा भाग जुन्या मराठीत असल्यामुळे भाषाभ्यासकांना तो स्वतंत्रपणे परिचित आहे. उदाहरणाचा आशय असा : वानरांच्या कळपाच्या अष्टमांशाचा वर्ग करावा, तितके वानर वनात खेळत होते आणि उरलेले बारा टेकडीवर होते, तर कळपात वानर किती? अष्टमांशाचा वर्ग अधिक १२ बरोबर एकंदर संख्या, असे मांडून छेद काढले की क्ष² − ६४क्ष + ७६८ = ० हे समीकरण मिळते.

ही अखेरची ओळ भास्कराचार्यांनी लिहिलेली नाही, तिचा विचारही त्यांनी असा केला नसता. त्यांच्याकडे अज्ञाताला 'यावत्तावत्' असे नाव आहे; मराठीत सांगावयाचे तर 'जितके असेल तितके'. संबंधी सर्वनामांच्या जोडीला राशीचे नाव करण्याची ही कल्पना भाषाशास्त्राच्या दृष्टीने फार मार्मिक आहे, कारण अज्ञाताविषयी एवढेच तर निश्चितपणे म्हणता येते. त्यापुढील अज्ञातांना कालक, नीलक, पीतक अशी रंगांची नावे. ही सर्व 'वर्ण', आणि वर्ण म्हणजे रंग तसेच अक्षरही. लिहिताना यावत्तावत् साठी 'या', त्याच्या वर्गासाठी 'याव', ज्ञात अंकासाठी 'रू' अशी आद्याक्षरे वापरीत. ऋण अंकावर बिंदू देत, आणि समीकरणाचे दोन पक्ष एकाखाली एक मांडीत. जे पद नसेल तेथे शून्य लिहावे लागे. वरील उदाहरणात अज्ञात वरच्या पक्षात आणि रूपे खालच्या पक्षात राहतात : वर याव १, या ऋण ६४, रू ०, खाली याव ०, या ०, रू ऋण ७६८.

अशा समीकरणांच्या रीतीचे नाव 'मध्यमाहरण'. मधल्या पदाचे आहरण, म्हणजे ते काढून घेणे. वर्ग आणि रूप या टोकांच्या पदांत तसा काही गुंता नाही. मधले पद नाहीसे झाले तर दोन्हीकडे वर्गमूळ घेण्याचेच काम उरते, हे या नावाने बरोबर हेरलेले आहे. ते नाहीसे करण्यासाठी दोन्ही पक्षांत १०२४ मिळवावयाचे. वर (या − ३२) चा वर्ग होतो, खाली २५६ राहतात. वर्गमूळ घेतले की या आणि ३२ यांतील अंतर १६. म्हणून उत्तर ४८ किंवा १६. दोन्ही उत्तरे भास्कराचार्यांनी दिलेली आहेत. ३२, १०२४, २५६ आणि १६ हे अंक याच क्रमाने वर येऊन गेले आहेत हे वाचकांच्या लक्षात आलेच असेल. शाळेत मधले पद फोडतात, बाराव्या शतकात ते काढून टाकीत; पण काढून टाकताना जो अंक मिळतो तोच फोड कशी करावयाची ते सांगतो. ६४ ची फोड ३२ आणि ३२ अशी सारखी केली की पूर्ण वर्ग होतो. १६ च्या अंतराने बाजूला सरकविली की ४८ आणि १६ हे अवयवांतील अंक मिळतात. आठवीतील 'अवयव' आणि दहावीतील 'वर्गसमीकरणे' या दोन प्रकरणांत दोन वर्षांचे अंतर असते आणि त्यांत एकच गोष्ट शिकविली जाते, हे विद्यार्थ्याच्या सहसा ध्यानात येत नाही.

वर्गाचा सहगुणक १ नसेल तेव्हा अर्ध करताना अपूर्णांक येतात. ते टाळण्यासाठी भास्कराचार्यांनी त्यांच्यापूर्वीच्या श्रीधराचार्यांचा नियम उद्धृत केला आहे. श्रीधरांचा बीजगणितावरील ग्रंथ आज उपलब्ध नाही. हा नियम उद्धरणाच्या रूपानेच उरला. वर्गाच्या सहगुणकाच्या चौपटीने सर्वत्र गुणावे आणि मधल्या सहगुणकाचा वर्ग मिळवावा, असा त्याचा भावार्थ. मघाच्या ६क्ष² + ११क्ष − १० या राशीला तो लावून पाहू. ६ ची चौपट २४.

१४४क्ष² + २६४क्ष − २४०
= (१२क्ष + ११)² − १२१ − २४०
= (१२क्ष + ११)² − ३६१

३६१ हा १९ चा वर्ग आहे. दोन वर्गांच्या वजाबाकीचे अवयव विद्यार्थ्याला पूर्वीच ठाऊक असतात.

(१२क्ष + ११ − १९)(१२क्ष + ११ + १९) = (१२क्ष − ८)(१२क्ष + ३०)

पहिल्या कंसातून ४ आणि दुसऱ्यातून ६ बाहेर काढले की राहतात (३क्ष − २) आणि (२क्ष + ५). बाहेर आलेल्या ४ आणि ६ यांचा गुणाकार २४, म्हणजे प्रारंभी उसना घेतलेला अंक जसाच्या तसा परत मिळाला. येथील ३६१ हेच ते ब² − ४·अ·क, ज्याला दहावीत 'विवेचक' म्हणतात. विवेचक पूर्ण वर्ग असेल तर पूर्णांकी अवयव आहेत, नसेल तर नाहीत. अर्ध करताना अपूर्णांक उरेल अशी शंका घेण्याचे कारण नाही. विवेचकाचे वर्गमूळ आणि मधला सहगुणक हे दोन्ही सम किंवा दोन्ही विषम असतात, कारण त्यांच्या वर्गांतील अंतर ४ च्या पटीत आहे. 'अवयव पाडा' या आज्ञेपूर्वी 'विवेचक काढा' ही एक ओळ घातली, तर गृहीत धरलेल्या गोष्टीची कसोटी विद्यार्थ्याच्या हाती येईल. अभ्यासक्रमात विवेचकाला अवयवांनंतर स्थान आहे, ही त्यातील अडचण. पण विवेचक हा शब्द न उच्चारताही अर्ध्या बेरजेची रीत आठवीत शिकविता येते. तिला वर्गमुळापलीकडे काही लागत नाही.

मध्यमाहरण एवढे हाताशी असता भारतीय गणितज्ञांनी अवयवांच्या मार्गाने समीकरणे का सोडविली नाहीत, असा प्रश्न कोणी विचारील. त्याचे उत्तर पुष्कळ अंशी लेखनपद्धतीत आहे. अवयवांचा उपयोग तेव्हाच, जेव्हा सर्व पदे एका बाजूस आणून दुसरीकडे केवळ शून्य ठेवले जाते. कारण गुणाकार शून्य असेल तर अवयवांपैकी एखादा शून्य असलाच पाहिजे, हे तत्त्व दुसऱ्या कोणत्याही अंकाला लागू पडत नाही. दोन पक्ष समोरासमोर ठेवून एकात अज्ञात आणि दुसऱ्यात रूपे राखणाऱ्या मांडणीत हा एकपक्षी आकार स्वभावतःच उद्भवत नाही. युरोपातही तो उशिराच आला. टॉमस हॅरियट यांच्या मृत्यूनंतर दहा वर्षांनी, १६३१ मध्ये, लंडन येथे प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या ग्रंथात आणि देकार्त यांच्या १६३७ मधील भूमितीत समीकरणे ही द्विपदींच्या गुणाकाराने बनलेली म्हणून मांडलेली दिसतात. शाळेतील अवयवांचे प्रकरण हे त्या मांडणीचे वंशज होय. सूत्राचे प्रकरण श्रीधरांच्या नियमाशी नाते सांगते.

दोन्ही मार्ग एकाच उत्तरावर येत असले तरी त्या उत्तराकडे पाहण्याची त्यांची दृष्टी एक नाही. भास्कराचार्यांचे दुसरे वानरांचे उदाहरण या दृष्टीने पाहण्यासारखे आहे. कळपाच्या पंचमांशातून तीन वजा करून वर्ग केला, तितके वानर गुहेत गेले आणि एक फांदीवर दिसला. समीकरण होते क्ष² − ५५क्ष + २५० = ०, आणि अवयव (क्ष − ५०)(क्ष − ५). दोन्ही कंस सारख्याच योग्यतेचे आहेत. बीजगणित त्यांत डावेउजवे करीत नाही. पण कळप पाचाचा मानला तर त्याचा पंचमांश एक, त्यातून तीन वजा केल्यावर उरतात ऋण दोन. त्यांचा वर्ग चार येतो, गुहेत चार आणि फांदीवर एक मिळून पाच वानर होतात, हिशेब चोख जुळतो. तरीही भास्कराचार्यांनी ५ हे उत्तर घेऊ नये असे सांगितले आहे, आणि कारण दिले आहे ते असे की, ऋण अशा व्यक्त संख्येवर लोकांची प्रतीती बसत नाही.